मोडक्या शिंगाचे मोल



बैलबाजारात दोन खिलारी खोंड शेजारी शेजारी बांधले आहेत असे समजा. वय सारखे, उंची सारखी, चालही सारखीच. फक्त एकाचे डावे शिंग मधूनच मोडलेले. भाव कोणाचा पडेल? सांगायला हेडा लागत नाही. नांगर ओढायला शिंग लागत नाही, खांदा लागतो, हे आपण सगळे जाणतो. तरीही मोडक्या शिंगाचा भाव पडतोच.

हाच प्रश्न दूर आफ्रिकेच्या दक्षिण भागात वेगळ्या रीतीने पुढे येतो. दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया या देशांत हजारो एकरांच्या जमिनींना उंच तारेचे कुंपण घालून शेतकरी गुरांऐवजी किंवा गुरांबरोबर रानटी हरणे सांभाळतात. दक्षिण आफ्रिकेत १९९१ साली एक कायदा झाला. नीट कुंपण घातलेल्या जमिनीतील अशा जनावरांवर मालकाचा हक्क त्याने पक्का केला. तेव्हापासून हा धंदा फार वाढला. परदेशातून हौशी शिकारी येतात, पैसे भरतात, एखादा कुडू किंवा गेम्सबॉक मारतात आणि त्याचे शिंगांसह डोके मसाला भरून भिंतीवर लावायला घेऊन जातात. त्याला ते ‘ट्रॉफी’ म्हणतात. आता एवढे पैसे मोजणारा माणूस मोडक्या शिंगाचे जनावर घेईल का?

उत्तराआधी शिंगाची थोडी ओळख करून घेऊ. आपल्याकडच्या चितळाची आणि सांबराची शिंगे दरवर्षी गळतात व नवी येतात. काळवीट, चिंकारा, नीलगाय यांचे तसे नसते. त्यांची शिंगे आपल्या गाई-म्हशींसारखी. आत हाडाचा गाभा, वर शिंगाचे कवच, आणि ते जन्मभराचे. मोडले की मोडले. आफ्रिकेतले कुडू, गेम्सबॉक, इम्पाला ही सारी याच गोत्रातली. नर एकमेकांशी झुंजतात, झाडाझुडपांत शिंगे घुसवतात, कधी कुंपणात अडकतात, आणि एखादे शिंग तुटते. दोन कुडूंची पिळदार शिंगे झुंजीत एकमेकांत अशी अडकतात की सुटत नाहीत आणि दोघेही तेथेच मरतात, असेही घडते.

आता शिकाऱ्यांचा हिशेब पाहा. त्यांचा पहिला मुनीम म्हणजे मोजपट्टी. लंडनमध्ये रोलंड वॉर्ड नावाचा एक कारागीर होता. मेलेल्या जनावरांत मसाला भरून ती जिवंत वाटावीत अशी उभी करणे हा त्याचा धंदा. त्याने १८९२ साली जगभरच्या मोठ्या शिकारीच्या मापांचे पुस्तक काढले. त्याच्या आवृत्त्या पुढे निघतच राहिल्या. कुडूचे शिंग पिळावरून मोजत गेले आणि ते सुमारे ५४ इंच, म्हणजे साडेचार फूट भरले, तर त्या पुस्तकात नाव लागते. गंमत अशी की या पद्धतीत दोन्हींपैकी लांब शिंग तेवढे धरतात. म्हणजे एक शिंग मोडले तरी दुसरे लांब असले की काम भागले! अमेरिकेतल्या शिकाऱ्यांच्या एका मोठ्या मंडळाची पद्धत निराळी. तेथे दोन्ही शिंगांची लांबी आणि बुंध्याचा घेर यांची बेरीज करतात. एक शिंग तुटले की बेरीज कोसळते. जनावर तेच, शिंग तेच. एका वहीत ते पास, दुसऱ्या वहीत नापास.

दुसरा हिशेब पोटाचा. दक्षिण आफ्रिकेतले स्थानिक लोक हिवाळ्यात मांसासाठी शिकार करतात. मांसाच्या पट्ट्या मीठ-मसाला लावून वाळवतात आणि वर्षभर खातात. त्या वाळवणाला ‘बिल्टाँग’ म्हणतात. त्यांना शिंगाचे काय? उलट मोडक्या शिंगाचे जनावर मालक कमी भावात देतो, म्हणून ते आनंदाने घेतात.

तिसरा हिशेब जाणत्यांचा. जनावर म्हातारे होते तशी शिंगाची टोके झिजतात. म्हणून सर्वांत लांब शिंगे पुष्कळदा सर्वांत म्हाताऱ्याची नसतात, ऐन भरातल्या नराची असतात. आपण म्हणतो, म्हातारा शिंगे मोडून वासरांत शिरला. तिकडे मोडके, झिजके शिंग हीच वयाची खूण. काही जुने शिकारी असेच जनावर मुद्दाम शोधतात. त्याने झुंजी दिल्या, पिलावळ वाढवली, आता त्याचे दिवस भरत आले, त्याला मारल्याने कळपाचे नुकसान नाही, असे ते म्हणतात. नामिबियातील व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेने तर लांबीऐवजी वयाला गुण देणारी मोजणी सुरू केली आहे. गेम्सबॉकमध्ये मादीलाही शिंगे असतात आणि ती नरापेक्षा लांब पण बारीक असतात. नुसती लांबी पाहणारा शिकारी तेथे विणारी मादीच मारून बसायचा. कोणता शेतकरी आपली दुभती गाय शिंगे सुंदर आहेत म्हणून कापायला देईल?

आता खरा मुद्दा, आणि तो तुमच्या गोठ्याशीही जुळतो. काही हरिणपालक सांगतात, “मोडक्या शिंगाचा नर काढून टाका, नाहीतर वाण बिघडेल.” हे कितपत खरे? तुमच्या वळूचे शिंग गाडीला आपटून मोडले, तर त्याची वासरे मोडक्या शिंगांची होतात काय? मुळीच नाहीत. मोड अपघाताची आहे, रक्तातली नव्हे. जन्मापासूनच शिंग वेडेवाकडे किंवा खुरटे असेल, तर ते रक्तातले असण्याचा संभव आहे. तेथे विचार करावा. मोडलेले शिंग आणि मुळातच वाकडे शिंग यांत हा फरक आहे. मोडके शिंग टोकदार राहिले तर तो नर झुंजीत दुसऱ्याला भोसकेल, ही भीती मात्र निराधार नाही.

खरे नुकसान उलट्या बाजूने होते. सगळे शिकारी लांब शिंगांच्याच मागे लागले, तर लांब शिंगांचे नर आपला वंश वाढवण्याआधीच मरतात. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन नावाचा डोंगर आहे. तेथील रानमेंढ्यांवर सुमारे तीस वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या आणि २००३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. मोठ्या शिंगांचे मेंढे वेचून मारल्यामुळे पुढच्या पिढ्यांतील मेंढ्यांची शिंगेच लहान होत गेली होती. झिंबाब्वेतही शिकारीच्या रानात इम्पाला आणि सेबल यांची शिंगे पूर्वीपेक्षा आखूड झाल्याचे आढळले. उत्तम कणसे दरसाल खाऊन टाकायची आणि बियाण्याला उरलेसुरले ठेवायचे, असा हा प्रकार. आपल्या आजीने असे कधी केले नाही. ती पहिले चांगले कणीस वेगळे काढून आढ्याला टांगायची. रानात मात्र माणूस नेमके उलटे करतो.

आपल्या काळविटाचेही नाते या धंद्याशी जडले आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्यात १९३२ साली काळवीट नेऊन सोडले. तेथे ते चांगलेच वाढले आणि पैसे घेऊन त्यांची शिकार करू दिली जाते. आपल्या देशात मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला सर्वांत वरच्या दर्जाचे संरक्षण दिले आहे. शिकार केल्यास तीन ते सात वर्षे कैद आणि दंड. रेहेकुरीच्या माळावर, सोलापूरच्या नान्नज भागात ही जनावरे आजही दिसतात, आणि ज्वारी-हरभऱ्यात शिरून नुकसानही करतात. त्या नुकसानीसाठी वनखात्याकडे लगेच अर्ज करावा, पंचनामा करून घ्यावा.

एक गोष्ट घरातल्या मुलांनाही सांगून ठेवा. शेतात मेलेले काळवीट किंवा नुसते मोडके शिंग सापडले, तरी ते घरी आणून खुंटीला अडकवू नका. कायद्याने ती सरकारची मालमत्ता आहे. अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवले पाहिजे. शिंग अर्धे आहे, त्याला कोण विचारतो, असे म्हणून भागणार नाही. मोजपट्टीला शिंग अर्धे की पूर्ण याने फरक पडतो, कायद्याला पडत नाही.