हशा पिकविणारी भाषा दरिद्री कशी?

इंग्रजीत हसण्याला अनेक शब्द आणि मराठीत मात्र 'हसणे' हा एकच, असा निवाडा सीमाभागातील एका शाळेच्या भिंतीवर आम्ही नुकताच वाचला. तक्त्याच्या डावीकडे गिगल, चकल, चॉर्टल, स्निगर, टिटर, गफॉ, कॅकल अशी रांग. उजवीकडे प्रत्येकासमोर 'हसणे', 'हसणे', 'हसणे'. तक्ता मराठी शिक्षकांनीच केलेला, हे अधिक बोचले. परक्याने दरिद्री म्हटले तर उत्तर देता येते. घरच्यानेच पेटी न उघडता ती रिकामी ठरविली तर काय करावे?

ज्या शब्दांपुढे आपण मान तुकवितो ते आले कोठून? 'गिगल', 'टिटर', 'कॅकल' हे नादावरून बनलेले शब्द; 'कॅकल' तर कोंबडीच्या ओरडण्यालाही चालतो. 'चॉर्टल' हा लुईस कॅरलने १८७१ च्या 'थ्रू द लुकिंग-ग्लास'मध्ये गमतीने घडविला. दबक्या हसण्याचा 'चकल' आणि नाकाने फुरफुरण्याचा 'स्नॉर्ट' यांची ती जोड आहे, असे मानतात. एका लेखकाची गंमत त्या समाजाने उचलली, वापरली आणि कोशात नेऊन ठेवली. त्यांच्या या आस्थेचे आम्हांला कौतुकच आहे.

भेद आहे तो रचनेचा. इंग्रजी हसण्याची तऱ्हा क्रियापदात भरते; मराठी बहुधा ती क्रियापदाआधीच्या शब्दात ठेवते. तान्हे मूल खुदकन हसते. मागच्या बाकावरची मुले फिदीफिदी हसतात, आणि गुरुजी वळून पाहताच दाबलेले हसू कुणाच्या तरी तोंडून फिसकन बाहेर पडते. मोकळ्या मनाचा माणूस खळखळून हसतो, ज्याला स्थळकाळाचे भान नाही तो खदाखदा. आजोबा मिशीतल्या मिशीत हसतात. यांतील एकाच्या जागी दुसरा शब्द घालून पाहा, माणूसच बदलतो. नुसती क्रियापदे मोजणाऱ्याला हे दिसणार कसे? आणि क्रियापदेच हवी असतील तर खिदळणे कोठे गेले?

नामांकडे वळा. 'हसू' ओठांवर येते, 'हसे' आपले होते, आणि 'हशा' सभेत पिकतो. एकटा माणूस हशा पिकवू शकतो, पण एकट्याचा हशा होत नाही. त्याला मंडळी लागतात. भाषणाच्या वृत्तांतात इंग्रजी वार्ताहर कंसात 'लाफ्टर' लिहितो, तोच शब्द जो एकट्याच्या हसण्यालाही चालतो. मग त्या रकान्यात 'हशा'समोर इंग्रजीने काय लिहावे?

भरताच्या नाट्यशास्त्रात स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित व अतिहसित असे सहा भेद आहेत, हे अशा वेळी सांगण्याची प्रथा आहे. आम्ही त्या पुण्याईवर उभे राहू इच्छित नाही. प्रश्न आज जिभेवर काय आहे याचा आहे.

आमचे भांडण शेजारच्या भाषांशीही नाही. कानडी माणूस गहगहिसी हसतो, वडोदऱ्याचा गुजराती शेजारी खडखडाट हसतो, इंदूर-ग्वाल्हेरला लोक खिलखिलाकर हसतात. सगळ्यांची घडण आपल्यासारखीच. म्हणजे त्या तक्त्याने त्यांनाही दरिद्री ठरविले.

मात्र आपल्याकडे एक दुखणे निराळे आहे. ज्या मुलाची शाळा कानडी वा इंग्रजी, त्याला मराठी मिळते ती घरात. तेथे आपण त्याच्याशी बोलतो किती आणि काय? 'जेव', 'अभ्यास कर', 'झोप'. एवढ्या मराठीत खुदकन आणि फिसकन यांना शिरकाव कोठून मिळणार? हे शब्द परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून ते पहिले जातात. मग मूल म्हणते, 'आम्ही खूप हसलो', आणि तक्ता खरा ठरतो.

आम्ही त्या शिक्षकांना विनंती केली की उजवा रकाना पुसून कोरा ठेवावा आणि मुलांनी घरी आजीला विचारून तो भरावा. आठवड्याने पुन्हा गेलो. रकाना भरून कडेच्या समासातही शब्द उतरले होते. त्यांतले दोन आम्हांलाही ठाऊक नव्हते.