‘अर्थबाउंड’ : दोष मान्य, थोरवी अबाधित

१९९५ च्या जूनमध्ये निन्टेंडोने ‘अर्थबाउंड’ अमेरिकेच्या बाजारात आणला, तेव्हा जाहिरातीचं घोषवाक्य होतं, ‘या गेमला घाण वास येतो’. मासिकांतल्या जाहिरातींवर नखाने खरवडलं की दुर्गंध सुटेल असे ठिपके छापले होते. जाहिरातीवर सुमारे २० लाख डॉलर खर्च झाले. मोठ्या खोक्यात कॅसेटसोबत जाडजूड मार्गदर्शक पुस्तकही दिलं गेलं. एवढं करूनही अमेरिकेत सुमारे १ लाख ४० हजार प्रतीच खपल्या. जपानमध्ये हाच गेम २७ ऑगस्ट १९९४ रोजी ‘मदर २’ या नावाने आला होता आणि तिथे त्याचं चांगलं स्वागत झालं होतं. अमेरिकेत मात्र त्याच्यावर पडेल मालाचा शिक्का बसला.

तीस वर्षांनंतर चित्र उलटं आहे. रोल-प्लेइंग गेमच्या इतिहासात ‘अर्थबाउंड’चं नाव आदराने घेतलं जातं, त्याच्या जुन्या कॅसेटला संग्राहक भारी किंमत मोजतात आणि त्याच्यावरून वादही झडतात. वादात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, हा बालपणीच्या आठवणींनी फुगवलेला सामान्य गेम आहे. दुसरा म्हणतो, यात दोष नाहीतच. जे दोष वाटतात तेही कर्त्याने मुद्दाम ठेवले आहेत. दोन्ही पक्ष या गेमवर अन्याय करतात.

आधी गेम काय आहे ते पाहू. त्या काळातले बहुतेक रोल-प्लेइंग गेम तलवारी, किल्ले, राक्षस यांच्या जगात घडत. ‘अर्थबाउंड’ घडतो अमेरिकेसारख्या एका देशात, एकोणीसशे नव्वदच्या दशकात. नायक नेस हा टोपी घालणारा, बेसबॉलची बॅट घेऊन फिरणारा मुलगा. त्याच्या ओनेट गावाजवळ उल्का पडते आणि गीगस नावाच्या अनिष्ट शक्तीशी लढण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. वाटेत पॉला, जेफ आणि पू हे सोबती मिळतात. शत्रू म्हणून समोर येतात बिथरलेले कुत्रे, कावळे, हिप्पी, चिडलेले म्हातारे आणि स्फोट होणारी झाडं. औषध म्हणून बर्गर आणि पिझ्झा चालतात, पैसे एटीएममधून काढायचे असतात. हे सारं लिहिलं शिगेसातो इतोई यांनी. ते जपानमधले नामवंत जाहिरात-लेखक. प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाने लिहिलेला गेम म्हणून त्यातल्या वाक्यांना वेगळीच धार आहे.

आता पहिला आक्षेप: हे सगळं आठवणींचं कौतुक आहे.

आकडेच याला उत्तर देतात. अमेरिकेत दीड लाखही प्रती खपल्या नाहीत. युरोपात तर हा गेम अधिकृतपणे पोचला तो थेट २०१३ मध्ये, वी यू या यंत्रावर. म्हणजे आजच्या चाहत्यांपैकी फार मोठ्या वर्गाचं बालपण या गेमसोबत गेलेलंच नाही. कित्येकांना नेस प्रथम भेटला तो १९९९ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स’ या मारामारीच्या गेममधला एक खेळाडू म्हणून; मग कुतूहलापोटी त्यांनी मूळ गेम शोधून काढला. काहींनी तर अलीकडे, २०२२ मध्ये तो स्विचवर उपलब्ध झाल्यावर हाती घेतला. जे कधी अनुभवलंच नाही त्याची आठवण येत नाही. ही माणसं मोठेपणी, चांगले-वाईट शेकडो गेम खेळून झाल्यावर ‘अर्थबाउंड’कडे आली आणि तिथे रमली.

दुसरा आक्षेप चित्रांवर आहे. १९९५ च्या समीक्षकांनीही तो घेतला होता. त्याच सुमारास ‘क्रोनो ट्रिगर’ आणि सहावा ‘फायनल फँटसी’ झगमगीत चित्रांनी डोळे दिपवत होते. त्यांच्या शेजारी ‘अर्थबाउंड’ची ठेंगणी माणसं आणि सपाट रंगांची घरं बालिश दिसली, यात नवल नाही. पण कुवत नसल्यामुळे चित्रं साधी राहिली, हा निष्कर्ष चुकीचा आहे. लढाई सुरू झाली की पडद्यामागे रंगीत आकृत्या लाटांसारख्या वळू लागतात. फोरसाइड शहराची मूनसाइड नावाची जी विकृत प्रतिकृती आहे, तिथे काळ्या अंधारात फक्त निऑनच्या रेषा दिसतात आणि ‘हो’चा अर्थ ‘नाही’ होतो. केइची सुझुकी आणि हिरोकाझू तानाका यांचं संगीत तर त्या काळच्या गेम-यंत्राकडून अपेक्षित नसलेले आवाज काढतं. दिवसाचं गाव साधं ठेवायचं आणि त्याखालचं भय असं उघडं करायचं, ही योजना आहे.

हा गेम आळसातून जन्मला असता तर पूर्णच झाला नसता. प्रकल्प वर्षानुवर्षं रखडला होता, मोडण्याच्या बेतात आला होता. तेव्हा हॅल लॅबोरेटरीचे सातोरू इवाता मदतीला आले. आहे तेच दुरुस्त करायचं तर दोन वर्षं लागतील, नव्याने सुरुवात केली तर अर्ध्या वर्षात होईल, असं त्यांनी सांगितलं. काम नव्याने सुरू झालं आणि तडीस गेलं. हेच इवाता पुढे २००२ मध्ये निन्टेंडोचे अध्यक्ष झाले.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. तो म्हणतो की ‘अर्थबाउंड’ नुसता विक्षिप्त आहे. चार गमतीदार वाक्यं आणि विचित्र शत्रू यापलीकडे त्यात काही नाही. हा आक्षेप खोडायचा तर संवाद बाजूला ठेवून गेमचे नियम पाहावे लागतात.

लढाईतला लाइफचा आकडा घ्या. इतर गेममध्ये घाव बसताच तो एका झटक्यात उतरतो. इथे तो जुन्या रिक्षाच्या मीटरसारखा एकेक अंक सरकत जातो. घाव प्राणघातक असला तरी आकडा शून्यावर पोचेपर्यंत खेळाडूला संधी असते. पीसफुल रेस्ट व्हॅलीत टेरिटोरियल ओक नावाचं झाड भेटतं. ते मरताना पेट घेतं आणि नेसला जबर इजा करतं. नेसचा आकडा भराभर खाली येऊ लागतो. पण झाड शेवटचा शत्रू असेल, तर लढाई संपताच आकडा जिथे असेल तिथे थांबतो. मग खेळाडू श्वास रोखून एकामागून एक संदेश पुढे ढकलतो; आणि सात-आठ लाइफ शिल्लक राहून नेस उभा दिसतो, तेव्हा त्या सुटकेचा आनंद कुठल्याही संवादाने दिलेला नसतो. तो नियमानेच दिलेला असतो.

हाच विचार इतरत्रही आहे. शत्रू नकाशावर आधीच दिसतात. नेस पुरेसा बलवान झाला की किरकोळ शत्रूशी लढाईचा पडदा उघडतही नाही. विजय थेट जाहीर होतो. एखाद्या जागेच्या रक्षकाला हरवलं की तिथले उरलेले शत्रू नेसला पाहून पळू लागतात. आपण मोठे झालो, हे खेळाडूला त्यांच्या पळण्यातून कळतं. त्यात वेळ वाचतो तो वेगळाच.

घराचंही तसंच. वडील संपूर्ण गेममध्ये एकदाही दिसत नाहीत. ते फक्त फोनवर असतात. खेळ सेव्ह करायचा तर त्यांना फोन करावा लागतो. पैसे तेच बँकेत जमा करतात आणि फार वेळ खेळत राहिलं तर जरा विश्रांती घे, असंही तेच सुचवतात. नेसला घरची आठवण अनावर झाली तर भर लढाईत त्याचं लक्ष उडतं आणि तो वार करत नाही. त्यावर औषध एकच, आईशी बोलणं. सुरुवातीला खेळाडूने स्वतःचा म्हणून जो आवडता पदार्थ लिहिलेला असतो, तोच आई घरी आल्यावर वाढते. जगाच्या रक्षणाला निघालेलं मूल अजून मूलच आहे, हे इथे नियमांत मुरवलं आहे. याला नुसता विक्षिप्तपणा म्हणता येत नाही.

पॉलाची प्रार्थना हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. लढाईत तिला ‘प्रार्थना’ हा पर्याय असतो. त्याचा परिणाम बेभरवशाचा. कधी लाभ, कधी उलट नुकसान. बहुतेक खेळाडू तो विसरून जातात. शेवटी गीगसपुढे सगळी शस्त्रं निकामी होतात, तेव्हा हाच दुर्लक्षित पर्याय उरतो. पॉला पुन्हा पुन्हा प्रार्थना करते आणि दर खेपेला वाटेत भेटलेली माणसं पडद्यावर येतात: रनअवे फाइव्हचे वादक, तिचे आईवडील, जेफचा शाळेतला मित्र, नेसची आई. सर्वांत शेवटी ज्याचं नाव गेमने वाटेत कधीतरी विचारून ठेवलेलं असतं, तो खेळाडू स्वतः. लढाया जिंकण्यासाठी जमवलेलं बळ इथे अपुरं ठरतं आणि वाटेवरची ओळखपाळख कामी येते. एवढा मोठा विचार एका मेनूतल्या पर्यायातून मांडणारे गेम आजही मोजकेच आहेत.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळायला हवं, कारण भक्तांचं म्हणणंही तपासल्याशिवाय सोडता येणार नाही.

‘गैरसोय हाच या गेमचा विनोद आहे’, असं ते सांगतात. काही ठिकाणी ते खरंही आहे. धबधब्यामागच्या एका अड्ड्यात शिरायचं तर तीन मिनिटं न हलता उभं राहावं लागतं. तिथे थांबणं हाच परवलीचा शब्द आहे आणि ते शोधून काढण्यात मजा आहे. पण प्रत्येक गैरसोयीला ही सूट देता येत नाही. नेसच्या पिशवीत १४ वस्तू मावतात. हत्यार आणि संरक्षणाची साधनं मिळून चार जागा जातात. एटीएम कार्ड, नकाशा आणि साउंड स्टोन यांनी आणखी तीन. उरल्या सात. त्यात औषधं, खाणं आणि वाटेत सापडेल ते. एस्कार्गो एक्स्प्रेस नावाची सेवा ३६ वस्तू सांभाळते खरी, पण तिला बोलवायला फोन लागतो आणि पोचवण्याचे १८ डॉलर मोजावे लागतात. दुकानात एकावेळी एकच वस्तू विकत मिळते. या कटकटीतून ना विनोद निघतो, ना कथा पुढे जाते. पिशवी आवरण्यात जाणारा तो वेळ फुकटच जातो.

सोर्ड ऑफ किंग्जचं प्रकरण याहून वाईट. पूसाठी खरं उपयोगाचं हे एकच हत्यार. ते स्टारमन सुपर नावाच्या शत्रूकडून मिळण्याची शक्यता १२८ मध्ये एक. हा शत्रू स्टोनहेंजच्या तळावरच भेटतो आणि तळ जिंकला की कायमचा नाहीसा होतो. गेम याची सूचना कुठेही देत नाही. जो गेम घायाळ खेळाडूलाही एक संधी देतो, त्याच गेमने इथे पाठ फिरवली आहे.

कथेतही उणिवा आहेत. पहिल्या भागातली गावं जिवंत आहेत. निळ्या रंगाच्या वेडाने झपाटलेला पंथ, भुतांनी घेरलेलं थ्रीड, बडेजावी फोरसाइड यांत समाजाचं बारीक निरीक्षण आहे. पुढचे डालाम आणि स्काराबा मात्र पूर्वेच्या व इजिप्तच्या ठरावीक कल्पनांवर भागवले आहेत. पॉलाला दोनदा पळवून नेलं जातं आणि दोन्ही वेळा तिची सुटका इतरांनी करायची असते. शेवटची प्रार्थना तिला न्याय देते, पण त्यामुळे आधीची उणीव झाकली जात नाही.

हे दोष मान्य केल्याने गेमची उंची कमी होत नाही. त्याचा वारसा पुढे नेणाऱ्यांनी ही निवड केव्हाच केली आहे. ‘अर्थबाउंड’च्या चाहत्यांत वाढलेल्या टोबी फॉक्सने २०१५ मध्ये ‘अंडरटेल’ केला. त्यात आटोपशीर पिशवी आहे, पण शत्रूलाही माणूस मानणारे नियम आहेत. २०२० चा ‘ओमोरी’ही साधी चित्रं आणि त्याखालचं भय हाच मार्ग धरतो. या दोघांनी पिशवीची कटकट उचलली नाही. त्यांनी उचलली ती खेळाडूविषयीची आस्था.

म्हणूनच ‘अर्थबाउंड’ची नवी आवृत्ती निघाली, तर जुनंच जसंच्या तसं देण्याचा हट्ट निन्टेंडोने सोडावा. पिशवी मोठी करावी, एकाच वेळी अनेक वस्तू घेता याव्यात, महत्त्वाच्या वस्तू वेगळ्या ठेवाव्यात, सोर्ड ऑफ किंग्ज मिळवण्याचा सरळ मार्ग द्यावा. सरकत जाणारा आकडा, वडिलांचा फोन आणि पॉलाची प्रार्थना यांना मात्र हात लावू नये. आणि त्याआधी २००६ मध्ये फक्त जपानमध्ये निघालेल्या ‘मदर ३’चं अधिकृत इंग्रजी भाषांतर करावं. हौशी चाहत्यांनी ते २००८ मध्येच स्वतःच्या बळावर करून दाखवलं आहे. गेमची मालकी असलेल्या कंपनीला ते आजवर करता आलेलं नाही.