साहित्य कशाला म्हणायचे?

वाचकहो, 'साहित्य' हा शब्द तुमच्या घरात रोज वापरला जातो. पूजेचे साहित्य, घरबांधणीचे साहित्य, रापणीला निघताना होडीत भरायचे साहित्य. पण हाच शब्द व्यासपीठावरून ऐकू आला, की तुम्ही पाय मागे घेता. 'ते शिकलेल्यांचे काम, आम्ही शेतात नि दर्यावर राबणारी माणसे' असे म्हणून मोकळे होता. शिकलेल्यांपैकी पुष्कळांना हा फुकटचा मान गोड लागतो, म्हणून तेही तुमचा गैरसमज दूर करीत नाहीत. आज तो थोडा दूर करावा म्हणतो.

लिहिलेले ते सगळे साहित्य, असे असते तर मामलेदार कचेरी हे सर्वांत मोठे साहित्यमंदिर ठरले असते. एक-चौदाचा उतारा, कुळाचा अर्ज, सवलतीचा फॉर्म, सोसायटीची नोटीस. हे कागद क्षुल्लक आहेत असे कोण म्हणेल? घराखालची जमीन त्यांच्यावर टिकते, आणि अडचणीच्या दिवशी शंभर कवितांपेक्षा एक शिक्का मोलाचा असतो. पण तुमचा अर्ज एका कारकुनाने फाडला आणि दुसऱ्याने वेगळ्या शब्दांत लिहून दिला, तर तुमचे काही बिघडते का? मजकूर तोच, सही तीच, काम होते. अर्जाला अर्थ हवा असतो, शब्द कोणतेही चालतात.

आता घरातल्या म्हाताऱ्या आईने म्हटलेल्या ओवीतला एकच शब्द बदलून पाहा. ती लगेच हात वर करील, 'तसे नव्हे' म्हणेल. का नव्हे, हे तिला सांगता येणार नाही, पण तिचे बरोबर असते. संस्कृतातला जुना शास्त्रकार भामह याने काव्याची ओळख सांगताना एवढेच म्हटले, की शब्द आणि अर्थ तिथे सहित, म्हणजे एकमेकांबरोबर असतात. साहित्य हा शब्द त्या 'सहित'मधून आला. शब्द हलवला की अर्थ हलतो, अशी ज्या मजकुराची बांधणी आहे, तो साहित्याच्या उंबरठ्याशी आला असे समजावे.

याचा एक दाखला आपल्याच मातीत आहे. तो देताना काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील याची मला कल्पना आहे.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुईट पाद्री १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढचे बहुतेक आयुष्य साष्टीत राहिला. त्याच्या पुस्तकांपैकी दोन इथे घेऊ. एक 'दौत्रीन', म्हणजे धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरे. गुरूने विचारायचे, शिष्याने उत्तर द्यायचे. दुसरे 'क्रिस्तपुराण', सुमारे अकरा हजार ओव्यांचे, १६१६ साली रायतूरला छापलेले. दौत्रीन त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली, रायतूरलाच छापली गेली. लेखक एक, धर्म एक, हेतूही एकच. तरी दौत्रीन हे पाठ्यपुस्तक आहे आणि पुराण हे साहित्य आहे.

फरक कुठे पडला? पुराणाच्या आरंभीच त्याचे उत्तर आहे. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांपैकी एकजण पाद्रीला सांगतो, की शिकवता ती दौत्रीन ठीक आहे, पण आम्हाला पुराण असते तर बरे झाले असते. जुन्या पोथ्या हातून गेल्या होत्या, आणि प्रश्नोत्तरे पाठ करून कोणाचे मन भरत नाही. पाठटाचण करून धडा शिकवणाऱ्या प्रत्येक मास्तराने हे भिंतीवर लिहून ठेवावे! स्टीफन्सने ते ऐकले. लोकांच्या कानात जी ओवी होती तीच घेतली, तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड. स्वर्गाला त्याने 'वैकुंठ' म्हटले. परक्या देशाची गोष्ट त्याने इथल्या कानाला ओळखीची करून सांगितली. मराठीची थोरवी गाणाऱ्या त्याच्या ओव्या शाळेच्या पुस्तकातून तुमच्या कानावर आल्या असतील, पण त्यांच्यामुळे ते पुराण थोर झाले असे मी मानत नाही. मराठीच्या स्तुतीने साहित्य होत असते तर प्रत्येक समितीचे पत्रक साहित्य झाले असते.

आता आठ्यांविषयी. साष्टीतली देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. आज अंत्रुजात आपण ज्यांच्या पालख्या उचलतो त्यांतले कितीतरी देव त्या काळात रातोरात नदी ओलांडून आले. मी त्याच देवळांच्या गावात राहतो. ज्या व्यवस्थेने हे केले तिचाच तो पाद्री होता. तेव्हा 'मास्तर, त्याची कसली थोरवी सांगता?' हा प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे असे, की इतिहासाचा हिशेब इतिहासात मांडावा आणि तो सोडू नये. पण ओवी चांगली की वाईट, हे ती कोणाच्या बाजूची आहे यावरून ठरवू लागलो, तर उद्या आपल्या बाजूचा कोणताही भिकार मजकूर आपण डोक्यावर घेऊ. हे साप्ताहिकही याला अपवाद नाही. यातले लेख, त्यात हाही आला, आठवड्याचे काम करतात आणि पुढल्या बाजाराला त्यांत सुंगटे बांधली जातात. त्यात कमीपणा नाही. मात्र त्याला साहित्य म्हणू नये.

दौत्रीन कोंकणीत आणि पुराण मराठीत होते, यावरूनही कोणी भाषांचा निवाडा करू नये. बा. भ. बोरकरांनी दोन्ही भाषांत कविता लिहिली आणि दोन्हीकडे ती उभी राहिली.

या दोन पुस्तकांचे पुढे काय झाले तेही ऐका. दौत्रीनीची १६२२ची छापील प्रत लिस्बनच्या ग्रंथालयात आजही जपलेली आहे. पुराण १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले, पण तिन्ही छपायांची एकही प्रत आज सापडत नाही. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावे. तरी पुराण उरले, कारण लोकांनी ते हाताने उतरवून घेतले. त्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळुरात ते पुन्हा छापले. हाताने अकरा हजार ओव्या उतरवायला माणूस उगाच बसत नाही.

पण अक्षर तरी हवेच ना, असे तुम्ही म्हणाल. तेही नको. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी १८८० साली शेतकऱ्याच्या घरी जन्मल्या, शेतकऱ्याच्या घरीच नांदल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. जात्यावर बसून, शेतात राबताना त्यांनी जे रचले ते मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी कागदावर घेतले. त्या १९५१ साली वारल्या. पुस्तक निघाले १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आणि २०१८पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बाईला सही येत नव्हती तिच्या नावाच्या पदव्या पोरे भिंतीवर लावतात.

म्हणून जात्यावरचे सगळेच सोने असे मात्र समजू नका. धालोंच्या मांडावर म्हटली जाणारी पुष्कळ गाणी निव्वळ नावांची यादी असतात. घरोघरची माणसे, एकामागून एक. मांडावर त्यांचे काम असते, फेर त्यांच्यावर चालतो. तो थांबला की गाण्यात काही शिल्लक राहत नाही. त्यांच्यामध्येच एखादे असे येते, की घरी परतताना बायका वाटेत गप्प होतात. ते वेगळे काढता आले पाहिजे.

जाते आता माळ्यावर गेले, आणि त्यावरची ओवी म्हणणारी माणसे सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत. तुमच्या घरातला मुलगा दहावीला असेल तर त्याच्या हातात वही द्या आणि त्याला आजीपाशी बसवा. मोबाइलमध्ये आवाज घेतला तरी वहीत उतरवाच, कारण उतरवताना प्रत्येक शब्दापाशी थांबावे लागते. आजी म्हणेल तसेच लिहू द्या. त्याच्या मास्तरांनी शिकवलेले शुद्धलेखन तिथे लावू देऊ नका, आणि न कळलेला शब्द गाळू देऊ नका. तो शब्द कुठल्या माशाचा, कुठल्या भाताचा, बांधाच्या कुठल्या भागाचा, हे आजी आहे तोवर तिलाच विचारून बाजूला टिपायला सांगा.