विंचू उतरवणारा आणि कुलूपबंद दवाखाना



कडब्याची पेंढी उचलताना, गोवऱ्या काढताना, पऱ्हाट्या उपटताना विंचू डसतो. डसला की आपण आधी धावतो ते विंचू उतरवणाऱ्याकडे. शहरातली शहाणी माणसं याला अडाणीपणा म्हणतात. आम्ही म्हणत नाही. उतरवणारा गावातच राहतो, रात्री दोनला दार उघडतो आणि बहुधा पैसेही मागत नाही. सरकारी दवाखान्याबद्दल यातली एक तरी गोष्ट छातीठोकपणे सांगता येईल का?

पण हिशेब मांडायचा तर पुरा मांडू. विंचू डसलेल्या बहुतेक मोठ्या माणसांना नुसता ठणका लागतो आणि तो दिवसभरात आपोआप ओसरतो. श्रेय मंत्राला मिळतं. लाल विंचवाचं विष भिनलं, आणि तेही लहान पोराला, तर गोष्ट वेगळी. उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, मग धाप आणि तोंडाला फेस. तिथे मंत्र चालत नाही. एके काळी तिथे डॉक्टरचंही फारसं चालत नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे.

ते चालायला लागलं रायगड जिल्ह्यात. सावित्रीकाठचा महाड तालुका भाताचा, आपल्यासारखा कापूस-ज्वारीचा नव्हे. पण लाल विंचू तिथेही उदंड. १९७६ साली तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. हा गडी आपल्याच कोरडवाहू मुलखातला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या देहेडचा, गरिबाघरचा. त्यांनी रोग्यांच्या खाटेशी बसून नोंदी ठेवल्या. १९८२ साली त्या लंडनच्या 'लॅन्सेट'ने छापल्या. या विषाने रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. मग रक्तवाहिन्या सैल करणारी रक्तदाबाची साधी गोळी, प्राझोसिन, त्यांनी वापरून पाहिली. विष भिनलेल्यांपैकी पूर्वी शेकडा ३० च्या आसपास दगावत, ते प्रमाण शेकडा ४ च्याही खाली आलं. जोडीला प्रतिविष दिलं तर रोगी आणखी लवकर सावरतो, हे २०११ साली महाडच्याच रोग्यांवर दिसलं.

वैदूच्या झोळीतलंही असंच तपासून घ्यावं. सर्पगंधा साप चावल्यावर देत. विष तिने उतरत नाही. पण १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिचा रक्तदाबावरचा गुण जगापुढे मांडला आणि १९५२ साली स्विस कंपनीने तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं. वैदूला काय मिळालं? कापूस पिकवणाऱ्याला कापडाच्या नफ्यातून मिळतं तेच.

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं गुन्हा ठरवलं. कायदा रास्त आहे. पण तो नीट वाचा. गुन्हा आहे रोखण्याचा. दवाखान्याला कुलूप, डॉक्टर मुक्कामाला नाही, कपाटात औषध नाही, तेव्हा रोग्याला कोण रोखतं? त्याला कुठलं कलम?

उतरवणाऱ्याशी भांडू नका. त्याच्या ओट्यावर बसून सांगा: बाबा, उलटी, घाम, गार हातपाय दिसले की पहिली गाडी तूच बोलव, पोर असेल तर तेवढीही वाट पाहू नकोस. गाव त्याचं ऐकतं, आरोग्य खात्याच्या भिंतीवरच्या पाटीचं नाही.

आणि तिथून उठून थेट आपल्या आरोग्य केंद्रात जा. प्राझोसिनच्या गोळ्या किती, विंचवाच्या आणि सापाच्या प्रतिविषाच्या कुप्या किती, रात्री मुक्कामाला कोण, हे विचारा. उत्तर लेखी घ्या आणि पुढच्या जिल्हा बैठकीला येताना तो कागद बरोबर आणा.