गाडी चालवा, पण कुणाला उडवू नका!

हॉस्टेलमध्ये दोन विषयांवर आजवर एकमत झालेलं नाही. पहिला म्हणजे मेसची रस्साभाजी नेमकी कशाची असते, आणि दुसरा म्हणजे खरा गेम कोणता. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मेसवाल्या काकांनाही माहीत नसावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रत्येक विंगमध्ये छातीठोकपणे दिलं जातं, आणि ते बहुतेक वेळा 'जीटीए' हेच असतं. मोठं शहर, हवं तिकडे फिरा, हवी ती गाडी ओढून घ्या, समोर येईल त्याला उडवा, पोलीस मागे लागले की पळा. 'ओपन वर्ल्ड' म्हणजे हेच, असं आपलं पक्कं ठरून गेलंय.

अशा वातावरणात कुणी 'कार्स'चं नाव काढलं की काय होतं ते सांगायला नको. "काय बे, कार्टून खेळायलास?" इथून सुरुवात होते आणि त्या बिचाऱ्याचं वर्षभराचं टोपणनाव ठरून जातं. तरीही मित्रहो, आज त्या बिचाऱ्याची बाजू मांडायची आहे. कारण पिक्चरवरून काढलेला, घरातल्या कुणाहीसमोर खेळता येईल असा आणि तरीही मोकळं जग असलेला गेम ही चेष्टेची वस्तू नाही. उलट इंजिनिअरच्या दृष्टीनं पाहिलं तर ते जास्त अवघड काम आहे.

आधी थोडी माहिती, कारण आपल्यातले कित्येक जण तेव्हा बालवाडीतही नव्हते. पिक्सारचा 'कार्स' हा जॉन लॅसेटर यांनी दिग्दर्शित केलेला सिनेमा जून 2006 मध्ये आला. त्याच महिन्यात, सिनेमाच्या दोन-तीन दिवस आधी, त्याच नावाचा गेमही बाजारात आला. टीएचक्यू या कंपनीसाठी तो बनवला अमेरिकेतल्या फिनिक्स शहरातल्या रेनबो स्टुडिओजनं. ही मंडळी आधीपासून मोटोक्रॉसचे, म्हणजे धुळीत बाईक उडवायचे गेम बनवण्यात तरबेज होती. गेमची गोष्ट सिनेमा संपतो तिथून पुढे सुरू होते. लायटनिंग मॅक्वीन ही लाल रेसगाडी पुढच्या पिस्टन कपची तयारी करतेय, आणि रेडिएटर स्प्रिंग्ज हे छोटंसं गाव व आजूबाजूचा मुलूख आपल्याला फिरायला मोकळा आहे. वाटलं तर शर्यत लावा, वाटलं तर मेटरबरोबर रात्री शेतात जाऊन ट्रॅक्टर दचकवा, शेरीफ होऊन उनाड गाड्यांचा पाठलाग करा, डॉककडून मातीच्या रस्त्यावर गाडी घसरवत वळवायला शिका. आणि यातलं काहीच नको असेल तर नुसते फिरा. कुणी विचारत नाही.

आता आक्षेप. आमच्या मजल्यावर या गेमवर जी चर्चा झाली त्यात तीन मुद्दे पुन्हा पुन्हा आले.

पहिला आक्षेप: "फार सोपा आहे राव." हे खरं आहे. शर्यती लवकर जिंकता येतात, गाडी कितीही आपटली तरी मोडत नाही, आणि सराईत खेळाडूचा गेम दोन-चार बैठकांत उरकतो. पण सोपा कुणासाठी? आपण रोज रात्री दोन वाजेपर्यंत कीबोर्ड बडवणारी माणसं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेल्यावर शेजारी येऊन बसणारा सात वर्षांचा मावसभाऊ मात्र वळणावर तीनदा खड्ड्यात जातो, चौथ्यांदा निघतो आणि घर डोक्यावर घेतो. गेममध्ये पिटस्टॉप आहे, तिथे नेमक्या वेळी बटणं दाबली तर गाडी लवकर सुटते. तेवढं जमलं तरी त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते आपल्याला व्हायवा सुटल्यावरसुद्धा दिसत नाही. एकाच गेममध्ये त्यालाही मजा यावी आणि आपल्यालाही कंटाळा येऊ नये, हा तोल साधणं म्हणजे फर्स्ट इयर आणि फायनल इयरला एकच पेपर काढण्यासारखं आहे. ते पूर्ण साधलेलं नाही, हे मान्य. पण प्रयत्न बघा की!

दुसरा आक्षेप: "जग रिकामं आहे. नुसती वाळू आणि डोंगर." हा जास्त वजनदार मुद्दा आहे. खरंच, काही ठिकाणी मिनिटभर गाडी हाकली तरी काही घडत नाही. पण याला दोन उत्तरं आहेत. एक यंत्राचं. हा गेम ज्या प्लेस्टेशन 2 वर चालायचा त्याची मुख्य मेमरी होती 32 एमबी. एमबी बरं का, जीबी नाही! आज आपल्या फोनमधले दोन-चार फोटो त्याहून मोठे भरतात. एवढ्या जागेत मोकळं जग बसवायचं म्हणजे खेळाडू जिथे आहे तेवढाच तुकडा डिस्कवरून उचलायचा, मागचा टाकून द्यायचा, लांबचे डोंगर कमी तपशिलात दाखवायचे, आणि हे सगळं गाडी भरधाव असताना, खेळाडूला कळू न देता. शिवाय इथे प्रत्येक गाडी हेच एक पात्र. काचेवर डोळे, बंपरच्या जागी तोंड, आणि ती बोलते. कॉम्प्युटरवाल्यांनी ऑपरेटिंग सिस्टिमच्या तासाला मेमरी मॅनेजमेंट झोपेत ऐकलं असेल, तर त्याचा उपयोग कुठे होतो तो इथे दिसतो.

दुसरं उत्तर गोष्टीचं आहे. ते गाव रिकामं आहे, कारण ते रिकामं पडलेलं गाव आहे! रूट 66 या जुन्या रस्त्यावर ते वसलेलं होतं. शेजारून मोठा महामार्ग गेला आणि गाड्या यायच्या बंद झाल्या. हे काही काल्पनिक दुःख नाही. अमेरिकेत रूट 66 हा अधिकृत महामार्गांच्या यादीतून 1985 मध्ये खरोखर वगळला गेला. पिक्सारच्या लोकांनी त्या रस्त्यावरून प्रवास केला. त्यांना वाट दाखवणारे इतिहासकार मायकेल वॉलिस यांनीच पुढे सिनेमात शेरीफला आवाज दिला. महामार्ग रुंद झाला की जुन्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीचं काय होतं, हे पुणे-सोलापूर एसटीनं ये-जा करणाऱ्यांना समजावून सांगायला नको. आणि ज्या सोलापुरात एकेक करून गिरण्या बंद पडल्या, तिथल्या मुलांना तर ओसाड पडलेल्या गावाची गोष्ट परकी वाटायलाच नको. कुणालाही न उडवता त्या गावातून सावकाश गाडी फिरवली तर ते गाव दिसतं. घाईत असलेल्याला वाळू दिसते.

तिसरा आक्षेप: "पिक्चरचा गेम म्हणजे पैसे काढायचा धंदा." यात मात्र बरंच तथ्य आहे. पिक्चर शुक्रवारी लागणार म्हणजे गेम त्याच आठवड्यात दुकानात हवा, मग तो तयार असो वा नसो. सबमिशनच्या आदल्या रात्री आपण जर्नल कसं पुरं करतो ते आठवा, तीच अवस्था. 1982 मध्ये अटारीनं 'ई.टी.' सिनेमाचा गेम नाताळच्या आत काढायचा म्हणून जेमतेम पाच आठवड्यांत लिहून घेतला. तो इतका पडला की त्याची कार्ट्रिज न्यू मेक्सिकोतल्या कचऱ्याच्या डेपोत गाडावी लागली, आणि 2014 मध्ये ती उकरून काढल्यावर लोकांची खात्री पटली की ही दंतकथा नव्हती. याउलट 'गोल्डनआय'चा गेम 1997 मध्ये, सिनेमानंतर जवळजवळ दोन वर्षांनी आला आणि आजही त्याचं नाव निघतं. वेळ दिला की काम होतं. ही गोष्ट आपल्या परीक्षा विभागानंही लक्षात घ्यायला हरकत नाही.

याच संदर्भात 'स्पायडरमॅन 2'ची कथा सांगितलीच पाहिजे, कारण तिची झळ भारतातल्या पोरांना जास्त बसली. 2004 साली ट्रेयार्कनं कन्सोलसाठी हा गेम केला. त्यात जाळं हवेत कुठेही चिकटत नसे, खऱ्याखुऱ्या इमारतीलाच चिकटे, आणि पेंड्युलमच्या नियमानं झोका मिळे. पूर्ण मॅनहॅटन फिरायला मोकळं. मध्येच एखाद्या पोराचा फुगा उडून जायचा, तो पकडून आणून द्यायचा. पिझ्झा वेळेत पोचवायचा. इतकी साधी कामं, पण नुसतं झोके घेत फिरण्यासाठी लोक तासन् तास खेळले. पण पीसीसाठी त्याच नावानं जो गेम आला तो निराळ्याच लोकांनी केलेला, 'लहान मुलांसाठी' म्हणून सोपा केलेला. ठरलेल्या जागी क्लिक केलं तरच झोका. आपल्याकडे कन्सोल किती घरांत होते? ज्यानं हौसेनं पीसीची सीडी आणली त्याच्या हाती हे आलं. मुलांसाठी करायचं म्हणजे मोकळीक काढून घ्यायची, हा जो समज आहे ना, खरा राग त्याचा यायला हवा. मुलांना रक्त नको असेल, मोकळीक मात्र हवीच असते. 'कार्स'नं ती दिली, हे त्याचं मोठेपण. दुर्दैवानं पुढे 2011 च्या 'कार्स 2' च्या गेममध्ये मोकळं गाव गेलं आणि नुसत्या शर्यती व मोहिमा उरल्या. लहानपणी पहिला गेम खेळलेले आज जेव्हा त्याची आठवण काढतात तेव्हा ते शर्यतींबद्दल कमी आणि 'नुसतं फिरण्या'बद्दल जास्त बोलतात, ते उगाच नाही.

बरं, आपल्याकडे काय झालं? सिनेमावरून गेम आपणही केले. 'गजनी'चा पीसी गेम हैदराबादच्या एफएक्सलॅब्जनं केला. 'रा.वन'चा गेम 2011 मध्ये मुंबईच्या ट्राइननं प्लेस्टेशनसाठी केला. धाडस मोठं होतं, त्याला दाद द्यायलाच हवी. पण दोन्हींचा गाभा मारामारी हाच. हीरो आहे, खलनायक आहे, दोघांना भिडवा. हीरो ज्या जगात राहतो ते जग मात्र पडद्यामागेच राहिलं. पुढे 2020 मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं 'राजी' हा गेम काढला. तो सिनेमावरून नाही आणि ओपन वर्ल्डही नाही. पण आपल्या मातीतली चित्रं, आपली देवळं घेऊन पुण्यात बसून जगासाठी गेम करता येतो, एवढं त्यानं सिद्ध केलं.

म्हणून एक कल्पना मांडतो. परेश मोकाशींचा 'एलिझाबेथ एकादशी' (2014) बहुतेकांनी पाहिला असेल. राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट बालचित्रपट ठरलेला हा सिनेमा घडतो पंढरपुरात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. एक मुलगा, त्याची बहीण, एलिझाबेथ नावाची लाडकी सायकल, कर्जापायी आईचं स्वेटर विणायचं मशीन गेलेलं, आणि सायकल विकायची वेळ येऊ नये म्हणून ऐन कार्तिकी एकादशीच्या गर्दीत मुलांनी थाटलेलं बांगड्यांचं दुकान. सांगा बघू, याहून चांगला ओपन वर्ल्ड कुठे मिळेल? पंढरपूरच्या बोळांतून सायकल हाणायची, चंद्रभागेच्या वाळवंटातून वाट काढायची, माल आणायचा, गिऱ्हाईक गाठायचं, आईच्या नजरेतून सुटायचं. एकादशी जवळ येईल तशी गर्दी वाढत जाते, म्हणजे लेव्हल आपोआप अवघड होत जाते! कुणाला मारायचं नाही, कुणाला उडवायचं नाही. वारकऱ्याला धक्का लागला तर तो 'माउली' म्हणून बाजूला होईल, आणि आपल्यालाच लाज वाटेल.

यातलं इंजिनिअरिंगही कमी नाही. हजारो माणसांची गर्दी अशी चालवायची की ती पाण्यासारखी वाहिली पाहिजे, मुंग्यांसारखी अडकता कामा नये. सायकलचा तोल हा मेकॅनिकलवाल्यांचा प्रश्न. घाट, वाडे, बोळ यांची मोजमापं हा सिव्हिलवाल्यांचा. टाळ-मृदंगाचा आवाज जवळ-लांब जाताना कसा बदलेल, तो इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा. ब्लेंडर आणि गोडो ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, त्यामुळे पैशाचं निमित्त सांगता येणार नाही. सिनेमाचे हक्क लागतील हे खरं. पण प्रोजेक्टसाठी गोष्ट आपली लिहिता येते, पंढरपूरचे हक्क तर विठोबाकडे आहेत आणि तो कुणाला नाही म्हणत नाही.

आमच्या सरांना आणि मॅडमनाही एक नम्र विनंती. दरवर्षी लायब्ररी मॅनेजमेंट आणि चेहरा ओळखून हजेरी लावणारी तीच यंत्रणा प्रोजेक्ट म्हणून मंजूर होते. कुणी 'गेम' म्हटलं की "अभ्यासाचं काहीतरी करा" असं उत्तर मिळतं. सर, मेमरी, ग्राफिक्स, फिजिक्स, नेटवर्क आणि माणसाचं मन, सगळं एका ठिकाणी वापरावं लागतं असा दुसरा कोणता विषय आहे? एका ग्रुपला तरी यंदा परवानगी द्या.

आणि मित्रांनो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे. जीटीए खेळा, खुशाल खेळा, आमचं काही म्हणणं नाही. पण 'मोकळं जग' याचा अर्थ 'काहीही उडवायची मुभा' एवढाच लावू नका. पुढच्या सुट्टीत घरी लॅपटॉप न्याल तेव्हा आई खोलीत आली की स्क्रीन खाली करायला लागू नये, उलट तिलाच "तू चालव बघ जरा" म्हणता यावं, असा एक तरी गेम त्यात ठेवा. ती पहिल्याच वळणावर खड्ड्यात जाईल. हसू नका, गाडी पुन्हा रस्त्यावर घ्यायला शिकवा. तिनं आपल्याला याच पद्धतीनं सायकल शिकवली होती.