कुणाची परवानगी?

मागच्या बैठकीत आम्ही नऊजणींनी ठरवलं, की येत्या ऑक्टोबरात हिमालयात पायी फिरायला जायचं. शिबीर नाही, परिषद नाही, मोर्चा नाही. नुसतं फिरायला. ठिकाणही ठरलं : हिमाचल प्रदेशात, कुलू जिल्ह्यातलं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान. आणि त्या दिवसापासून मी एकच शब्द ऐकते आहे. परवानगी.

उद्यानाची परवानगी मला समजते. वनखात्याकडे अर्ज करायचा, ओळखपत्र दाखवायचं, शुल्क भरायचं, माहितगार वाटाड्या बरोबर घ्यायचा. पायथ्यापासून सहा हजार मीटरच्याही वर चढत जाणारा तो मुलूख. तिथे तपकिरी अस्वल आहे, हिमबिबट्या आहे, कस्तुरीमृग आहे, स्थानिक लोक ज्याला जुजुराना म्हणतात तो हिमाचलचा राज्यपक्षी आहे. तिथे कोण आत गेलं आणि कोण परत आलं, याची नोंद हवीच. हा अर्ज एका बसणीत भरून होतो.

दुसरा अर्ज कुठल्याच कागदावर नसतो, आणि तो वर्षभर भरला तरी पुरा होत नाही. आमच्यातली एक बालवाडीत शिकवते. तिने सासूला विचारलं, नवऱ्याला विचारलं, मग मुलाच्या परीक्षेच्या वेळापत्रकाला विचारलं. एकजण चार घरी धुणंभांडी करते. तिला चार मालकिणींना विचारायचं आहे, शिवाय अकरा दिवसांचे पैसे कापले जाणार ते वेगळंच. एक अठ्ठावन्न वर्षांची आहे. तिचा मुलगा म्हणाला, "आई, देवदर्शनाला जायचं असेल तर सांग, वैष्णोदेवीचं तिकीट काढून देतो." बघा गंमत! देवीचा डोंगर चढताना आईचे गुडघे दुखत नाहीत, बिनदेवीचा डोंगर आला की दुखतात.

बाई घराबाहेर पडत नाही असं थोडंच आहे? वारीला जाते, माहेरी जाते, लेकीच्या बाळंतपणाला जाते, दीर आजारी पडला तर रातोरात एसटीत बसते. पण प्रत्येक वेळी कारण लागतं आणि ते दुसऱ्या कुणाचं तरी असावं लागतं. स्वतःसाठी, काही न मिळवता, नुसते पाय मोकळे करायला गेलेली बाई आपल्या समाजाला अजून पचत नाही. चौकशीसाठी मी एका सहल कंपनीला फोन केला. किती जणी, किती वय, किती दिवस, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न : "मॅडम, बरोबर जेंट्स कोण आहेत?"

यावर आपण लगेच जुन्को ताबेईचं नाव घेतो. १९७५ साली ती एव्हरेस्टवर पोचणारी जगातली पहिली स्त्री ठरली. तिच्या तुकडीला मोहिमेसाठी पैसे मागताना 'त्यापेक्षा मुलं सांभाळा' हे ऐकावं लागलं होतं. १९८४ साली बचेंद्री पाल गेल्या. मला दोघींचा अभिमान आहे. पण त्यांचा दाखला देऊन मला घराचा उंबरठा ओलांडायचा नाही. पराक्रम केला तरच बाईला मोकळीक, हीसुद्धा एक अटच झाली. आम्हाला कुठलंही शिखर गाठायचं नाही. धापा टाकत, थांबत, बसत चालायचं आहे. साध्या बाईचा साधा मोकळा वेळ हा हक्क आहे की बक्षीस, हा खरा प्रश्न आहे.

विरोध घरातूनच झाला असंही नाही. संघटनेतली एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "रेशनचे प्रश्न पडलेत, मारहाणीच्या केसेस पडल्यात, आणि तुम्हाला डोंगर सुचतोय?" मी तिला विचारते, बाई, कामगारांनी आठ तासांच्या कामासाठी लढा दिला, तेव्हा उरलेले तासही मागितलेच होते ना? ते तास बाईच्या वाट्याला आले नाहीत. घरी राबायचं आणि सुटका म्हणून चळवळीत राबायचं, ही कसली मुक्ती?

पण तिच्या बोलण्यातला एक काटा माझ्या मनात रुतून राहिला. हा डोंगर आहे कुणाचा?

१९९९ साली उद्यानाची अंतिम अधिसूचना निघाली. ७५४ चौरस किलोमीटर क्षेत्रातले गावकऱ्यांचे चराईचे आणि वनौषधी गोळा करण्याचे हक्क संपले. उद्यानालगतच्या पट्ट्यात दीडशेहून अधिक गावं आहेत. तिथल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गुच्छीची अळंबी आणि औषधी मुळ्या आणायला वर जात. भरपाई मिळाली, पण ती देताना पाहिल्या गेल्या इंग्रजांच्या काळातल्या, एकोणिसाव्या शतकातल्या वनजमाबंदीच्या नोंदी. पाठीवर करंडी घेऊन जंगलात जाणाऱ्या बाईची नोंद त्या कागदात कशी असणार? पुढे तिथल्या बायकांनी बचत गट काढले, गांडूळखत करून विकलं, नव्याने उभ्या राहिल्या. २०१४ साली उद्यान जागतिक वारशाच्या यादीत गेलं. जंगल राखायला हवं, जुजुराना वाचायला हवा, याबद्दल माझा वाद नाही. पण पैसे भरून, फिरायचं म्हणून मी ज्या दारातून आत जाणार, ते दार पोट भरायला जाणाऱ्या बाईसाठी बंद झालं आहे. हे विसरून मी 'मुक्त' होणार असेन, तर माझ्यात आणि त्या सहल कंपनीत फरक काय?

आमच्यातल्या एकीने विचारलं, "पाळी आली तर तिथे घरात घेतील का?" कुलूच्या काही गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना गोठ्यात निजावं लागतं, हे तिने वाचलं होतं. लगेच दुसरी म्हणाली, मग आपण त्यांचं प्रबोधन करू. मी म्हटलं, आधी हात वर करा, कुणाकुणाच्या घरी त्या दिवसांत देवाला शिवायचं नसतं? सहा हात वर आले. तेव्हा उपदेशाची पिशवी घरीच ठेवायची. बोलायचं ते बरोबरीने बोलायचं.

मग कागद घेऊन बसलो आणि ठरवलं. मुंबईहून रेल्वेने चंदीगड, तिथून बसने औट, बंजार, गुशैणी. पुढे तीर्थन नदीच्या काठाने चालत रोल्ल्यापर्यंत, आणि तिथून जमेल तेवढंच. सगळ्यात हळू चालणारी पुढे राहील. वर्गणी कमाईप्रमाणे, धुणंभांडी करणाऱ्या मैत्रिणीचे कापले जाणारे पैसे सामाईक खर्चातून. मुक्काम गावातल्या घरांत करायचा, आणि पैसे त्या घरच्या बाईच्या हातात द्यायचे. हमालाच्या पाठीवर किती ओझं, हे त्यालाच विचारायचं. वापरलेली पॅड डोंगरात टाकायची नाहीत, परत खाली आणायची. पावसाळ्यात जायचं नाही. २०२३ च्या जुलैत बियासच्या खोऱ्यात पुराने काय केलं ते आपण पाहिलं आहे. पण ऑक्टोबर म्हणजे तिथल्या बायकांचे हिवाळ्यासाठी गवत कापून साठवण्याचे दिवस. आपली सुट्टी ती त्यांची घाई. म्हणून बचत गटाची बैठक लावायची नाही. त्यांनी बोलावलं तर गवताचा भारा उचलायला जायचं.

आणि सर्वात अवघड ठराव : निघण्याआधी अकरा दिवसांचे लाडू-चिवडे करून, पिठाचे डबे भरून ठेवायचे नाहीत. या ठरावावर दोन तास चर्चा झाली. हिमालय चढायला कुणी घाबरलं नाही, रिकाम्या डब्याला सगळ्याजणी घाबरल्या!

मैत्रिणींनो, तुमच्या गटातही अशी बैठक घेऊन बघा. हिमालयच हवा असं नाही. जवळचा गडही चालेल. कुणाला विचारून जायचं आणि कुणाला विचारायचं राहून गेलं, याच्या दोन याद्या करा. पहिली यादी लहान करत न्या. दुसरी लांबत जाईल, तिला घाबरू नका.