गडचिरोलीत पोलाद येतंय, पण मेंटेनन्सच्या जिन्याचं काय?

२२ जुलै २०२५ रोजी गडचिरोली जिल्ह्यातल्या कोनसरीत मुख्यमंत्र्यांच्या हस्ते वर्षाला ४५ लाख टन क्षमतेच्या पोलाद प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. एटापल्ली तालुक्यातल्या हेडरीत लोहखनिज दळायचं, पाण्यात कालवायचं आणि सुमारे ८५ किलोमीटर पाइपलाइनमधून कोनसरीला आणायचं, ही सोयही तेव्हाच सुरू झाली. बातम्यांत टनांचे, कोटींचे आणि नोकऱ्यांचे आकडे होते. मला मात्र दोन लहान आकडे आठवले: १९ आणि २४.

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही विदर्भातल्या एका कारखान्यात गेलो होतो. कन्व्हेयरकडे जाणाऱ्या लोखंडी जिन्यावरून चढताना शेवटच्या पायरीला माझा पाय अडकला आणि नडगी फुटली. कठडा हातात होता म्हणून वाचलो. मागचा फिटर म्हणाला, "ती पायरी सगळ्यांनाच लागते." त्यानं टेप लावून दाखवला. बाकीच्या पायऱ्या १९ सेंटीमीटर, शेवटची २४. वरचा प्लॅटफॉर्म नंतर बदलला होता, जिना जुनाच राहिला होता.

आता मी कोड लिहितो. एक भाग अपडेट करून दुसरा तसाच ठेवला की काय होतं, हे मला रोज दिसतं. फरक एवढाच, की माझं ॲप क्रॅश झालं तर कुणाचं हाड मोडत नाही.

५ सेंटीमीटरनं एवढं काय होतं?

दोन-तीन पायऱ्या चढल्या की आपला मेंदू पायऱ्यांची उंची गृहीत धरतो आणि पाय तेवढाच उचलतो, कडेच्या अगदी थोडा वरून. एक पायरी वेगळी निघाली की अंदाज चुकतो. म्हणूनच जिन्याचा पहिला नियम हा: सगळ्या पायऱ्या सारख्या हव्यात.

दुसरा नियम सतराव्या शतकातल्या ब्लाँदेल या फ्रेंच वास्तुविशारदाच्या नावानं ओळखला जातो. पायरीच्या उंचीची दुप्पट अधिक पाऊल टेकण्याची खोली, ही बेरीज माणसाच्या सहज पावलाएवढी असावी. यंत्रांवर चढण्या-उतरण्याच्या वाटांसाठी आयएसओ १४१२२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात ही बेरीज ६० ते ६६ सेंटीमीटर दिली आहे. उंची २० आणि खोली २४ धरा: ४० अधिक २४ म्हणजे ६४. बसतंय!

जिना की शिडी? कोन ठरवतो

याच मानकानुसार २० ते ४५ अंशांपर्यंत जिना, ४५ ते ७५ पर्यंत पायऱ्यांची शिडी आणि त्यापुढे उभी शिडी. जिन्यावरून समोर तोंड करून उतरता येतं. शिडीवरून शिडीकडे तोंड करूनच उतरायचं. अमेरिकेत कामगार सुरक्षेचे नियम करणारी ओशा ही सरकारी संस्था साध्या औद्योगिक जिन्याला ३० ते ५० अंश देते. त्या जिन्यानं कुठल्याही एका जागी निदान ४५४ किलो भार पेलला पाहिजे, असंही तिचा नियम सांगतो. कारण फिटर रिकाम्या हातानं वर जात नाही. कधी दोघं मिळून मोटरच उचलून नेतात.

आयएसओप्रमाणे प्लॅटफॉर्मचा कठडा निदान ११० सेंटीमीटर हवा आणि खाली १० सेंटीमीटरची पट्टी हवी. ती पट्टी पायासाठी तर असतेच, पण वरून घरंगळलेला पाना खालच्याच्या डोक्यात पडू नये म्हणूनही असते.

आपल्याकडच्या पावसात आणि खनिजाच्या धुळीत सपाट पत्र्याची पायरी म्हणजे घसरगुंडीच. जाळीची, दातेरी कडेची पायरी पाणी आणि धूळ खाली जाऊ देते.

कायदा काय म्हणतो?

१९४८ च्या कारखाने अधिनियमाचं कलम ३२ जिन्यांबद्दलच होतं. जिने मजबूत असावेत, मोकळे असावेत, गरज तिथे भक्कम कठडे असावेत आणि माणसाला जिथे काम करावं लागतं त्या प्रत्येक जागी जायला सुरक्षित वाट असावी. यातला 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. वर्षातून दोनदाच ग्रीस भरायला जावं लागतं, ती जागाही त्यात येते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत कारखाने अधिनियमासह १३ कायदे सामावले आहेत. खाणींचा कायदाही त्यातच आला. या संहितेनुसार सुरक्षेची मानकं केंद्र सरकारनं जाहीर करायची आहेत. कामगाराला सुरक्षेची माहिती मागायचा हक्क आहे. गंभीर इजेचा धोका समोर दिसत असेल, तर तो मालकाच्या आणि निरीक्षकाच्याही कानावर घालता येतो.

माझं म्हणणं सरळ आहे. 'सुरक्षित वाट' हे शब्द पुरेसे नाहीत, सेंटीमीटर आणि अंशही लिहायला हवेत. आणि ते आत्ताच लिहायला हवेत. उत्पादनाची यंत्रं आधी बसतात, मेंटेनन्सचा जिना उरलेल्या जागेत कोंबला जातो. जागा कमी पडली की कोन वाढतो. नकाशात जिना अर्धा मीटर लांबवणं म्हणजे काही क्लिक. प्लांट उभा राहिल्यावर तेच करायचं तर काम बंद, गॅस कटर आणि नवा खर्च. गडचिरोलीत आज बरंच काही अजून कागदावर आहे. त्यामुळे आपल्याला जुन्या कारखान्यांच्या चुका टाळायची संधी आहे.

तुमचा फोन काय करू शकतो?

फोनमधला ॲक्सेलरोमीटर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. त्यामुळे लेव्हल दाखवणारं कुठलंही ॲप कोन सांगू शकतं. जिन्याच्या तिरक्या कठड्यावर फोनची कड टेकवा, स्थिर धरा आणि आकडा वाचा. मग टेपनं पायऱ्या मोजा: सगळ्या सारख्या आहेत का, आणि बेरीज ६० ते ६६ मध्ये बसते का?

हे आधी कॉलेजच्या किंवा घराच्या जिन्यावर करून बघा. कारखान्यात परवानगीशिवाय फोन काढू नका. गॅस किंवा स्फोटक धूळ असलेल्या भागात तर साधा फोन नेणंच धोक्याचं. आणि चढताना फोन खिशात, हात कठड्यावर.

आयटीआय करून तुमच्यातले बरेच जण उद्या या प्लांट्समध्ये फिटर किंवा इलेक्ट्रिशियन म्हणून जातील. पहिल्या आठवड्यात कुणी म्हणालं, "ती पायरी सगळ्यांनाच लागते," तर हसून पुढे जाऊ नका. मोजा, लिहून द्या आणि त्या कागदाची पोच घ्या. मी त्या दिवशी फक्त नडगी चोळत खाली उतरलो होतो. माझ्यानंतर ती पायरी कुणाला लागली, कोण जाणे.